ढोलकीसारखं वाजलं पाहिजे

"कोपऱ्यापासून नको, मधून धर," सासू म्हणाली. पण सुनेने पहिला खिळा कोपऱ्यातच ठोकला.

कापड लगेच रुसलं. एका बाजूला झोळ, दुसऱ्या बाजूला सुरकुत्यांचं जाळं. चित्राचं कापड चौकटीवर ताणायचं म्हणजे पलंगावर चादर घालणं नव्हे, हे चित्रकाराच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळायला हवं होतं. सासूने मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

सुनेने खिळा उपसला आणि पुन्हा बैठक मारली. हट्टी होती, एवढं सासू मान्य करायची. तिच्या हातांबद्दल मात्र सासूचं मत लग्नाच्या दिवसापासून एकच होतं. ते हात म्हणजे ओला कापूस.

सासूची जागा ठरलेली होती. टेबलासमोर, उंच पाठीच्या खुर्चीत, अंगावर निळी शाल, हात मांडीवर. तिथून सगळी खोली नजरेच्या टप्प्यात यायची आणि त्या नजरेतून काही सुटायचं नाही. हवा दमट झाली की तिचं अंग सैल पडायचं. गेल्या उन्हाळ्यात डाव्या गालाला बारीक भेग पडली होती. आणि पाठीत तर कोणी आतून कुरतडतंय असं वाटायचं. सांगणार कोणाला? या घरात तिचं ऐकणारं आता कोणी नव्हतं.

पूर्वी हे काम तिचं. नवरा चित्रं रंगवायचा आणि कापड ती ताणायची. लोक येऊन चित्रांची वाहवा करायचे, कापडाकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. "रंग काय, कोणीही फासेल. खालचं कापड माझं आहे," असं ती चारचौघांत सुनावायची. नवरा बिचारा हसून मान डोलवायचा.

शिकवा म्हणून सून मागे लागली तेव्हा सासूने शिकवलं, पण हातचं राखून. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवली: "टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. तोवर ओढायचं." उरलेलं पोटात ठेवलं. सगळं देऊन टाकलं तर उद्या आपल्याला विचारणार कोण?

मुलगा चहाचे दोन कप घेऊन आला. दोनच. सासूला विचारायची रीत या घरातून केव्हाच गेली होती.

"जमतंय का?"

"जमवतेय. मधून सुरुवात करायला हवी होती, आत्ता कळलं."

"मघापासून घसा फोडतेय मी," सासू म्हणाली.

"कोणाला तरी बाहेर देऊ या ना," मुलगा म्हणाला. "बाबांच्या हातचं शेवटचं चित्र आहे. चौकट वाळवीने पोखरलीय, कापड जुनं झालंय. फाटलं बिटलं तर दुसरं आणायचं कुठून?"

"म्हणूनच परक्याच्या हातात नको. आधी या कोऱ्या कापडावर हात बसवते, मग ते चित्र काढून नव्या चौकटीवर चढवते." सून ओठांत खिळे धरून बोलत होती. "आईंनी कायम मला ओला कापूस म्हटलं. एकदा तरी त्यांच्यासारखं ताणून दाखवायचंय मला."

"हळू बोल, ऐकेल ती."

"ऐकू दे की." सुनेने मान वर केली. "बघताय ना, आई?"

सासू बघतच होती.

या वेळी सुनेने एका बाजूच्या मधोमध खिळा मारला. मग समोरच्या बाजूला जाऊन रुंद तोंडाच्या पकडीने कापड ओढलं आणि तिथेही मधोमध मारला. मग उरलेल्या दोन बाजू. तिथून थोडं थोडं करत कोपऱ्यांकडे सरकली. कोपरे दुमडले तेसुद्धा देखणे. सासूला नाव ठेवायला जागा सापडेना. तिला तो स्वतःचा अपमान वाटला.

सुनेने टिचकी मारली. टण्ण. खोलीभर घुमलं.

"अगदी ढोलकी," मुलगा म्हणाला.

"मग आता तेही असंच." सुनेने टेबल मोकळं केलं आणि त्यावर जाड चादर अंथरली.

सासूच्या मनात तेव्हा कुठे लख्ख झालं. पोटात ठेवलेलं ते हेच होतं. ढोलकी कोऱ्या कापडाची. रंग चढलेलं जुनं कापड हलक्या हाताने ओढायचं आणि सुरकुती गेली की थांबायचं. त्याला वाजेपर्यंत ताणलं तर रंगाच्या खपल्या उडतात, आणि खिळ्यांपाशी कापड टरकन फाटतं. हे तिने नवऱ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं, आणि नवरा तर केव्हाच गेला होता.

"थांब," सासू म्हणाली. "जुन्याला तसं ओढायचं नसतं."

सुनेने नवी चौकट पुसून घेतली.

"पोरी, ऐक माझं." सुनेला तिने आजवर कधी पोरी म्हटलं नव्हतं.

"टिचकीचं लक्षात आहे ना?" मुलाने विचारलं.

"वाजल्याशिवाय सोडते का मी?" सून म्हणाली आणि सासूसमोर येऊन उभी राहिली. मऊ फडक्याने तिने सासूच्या कपाळावरची धूळ टिपली. डाव्या गालावरच्या भेगेवरून हळूच बोट फिरवलं.

"झालंच हं, आई. आता सगळं नीट होईल."

मग दोघांनी दोन बाजूंनी धरून सासूला भिंतीवरून उतरवलं, टेबलावर पालथं घातलं, आणि सुनेने पक्कड उचलली.