मागच्या सीटवरचे प्रश्न

ट्रकची नोकरी सुटल्यापासून ड्रायव्हरकाका चार महिने घरीच होते. आता शाळेच्या बसवर जागा निघाली, तशी बायकोने मुलाखतीची उत्तरं त्यांच्याकडून चांगली घोकून घेतली. पण मुलाखतीच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई थेट बसमध्येच येऊन मागच्या सीटवर बसल्या. "चला, एक फेरी मारू."

भर रहदारीत प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "अनुभव किती? आधीची नोकरी का सुटली?"

काकांनी समोरची नजर हलवली नाही. "बाई, गाडी थांबली की सगळं सांगतो."

शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी घसा खाकरला, तर बाई उतरायलाच लागल्या. काकांचा चेहरा पडला. "अहो, उत्तरं तरी ऐका!"

"ती बाकीच्या उमेदवारांची ऐकली की. मागे वळून वळून फार छान बोलले सगळे. तुम्ही सोमवारपासून या."