वाढीची पट्टी

लेकीच्या बाळंतपणाआधी बाळाची गोधडी आपणच शिवायची, म्हणून शालन पोवार संगणकावरचं गोधडीकाम शिकायला शिवणकेंद्रात आल्या होत्या. लेकीचा आरोग्य क्रमांक घातला, की मशीन पोटातल्या बाळाची तब्येत बघून माप ठरवायचं आणि मूल जितकं वाढेल तितकं कापड कडेला दुमडून ठेवायचं; तीच वाढीची पट्टी, ती आधी पडद्यावर दिसायची. पुढे शिवण उसवली, की गोधडी मोठी करता यायची.

सुई भराभर धावली आणि चौकड्यांची सुरेख नक्षी उमटली. पण मशीन थांबलं तेव्हा कडेला दुमड नव्हतीच.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नवीन हात आहे, होतं असं," शिकवणाऱ्या रेवती मॅडम हसून म्हणाल्या. त्यांनी क्रमांक पुन्हा घातला. पडद्यावर पट्टी आली नाही. मग शेजारच्या मशीनवर बसलेल्या बाईच्या गरोदर सुनेचा घातला, तर रुंद पट्टी लगेच दिसली. मॅडमचं हसू मावळलं.

"काय म्हणतंय ते?" शालनताईंनी विचारलं.

"कापड वाचवतंय, दुसरं काही नाही," मॅडम त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, झाली का गं गोधडी? फोटो पाठव ना!"

शालनताईंनी मशीन बंद केलं. आपल्या जुन्या लुगड्याचा उरलेला तुकडा कडेला धरून त्या सुईत दोरा ओवू लागल्या.

"होतेय गं," त्या म्हणाल्या, "जरा मोठी करतेय."