आखूड ओळी

"माह्या ओळी काऊन तोडल्या बे तू?"

नागसेनने स्मरणिकेचे पान प्रसेनजितच्या तोंडासमोर धरले. मंडपाच्या मागे, पाहुण्यांचा चहा उकळत होता तिथे, दोघे उभे होते. पुढे धाड गावच्या साहित्य मंडळाचे कविसंमेलन रंगात आले होते.

"हळू बोल ना भाऊ. मी नाई तोडल्या. स्क्रिप्टनं तोडल्या."

प्रसेनजित त्याचा मावसभाऊ. बसथांब्याजवळ त्याचे संगणकाचे दुकान होते आणि स्मरणिका त्यानेच जुळवली होती. एका फोल्डरात साठलेला सगळा मजकूर त्याने चार आज्ञांच्या शेल स्क्रिप्टच्या हवाली केला होता. ओळ ठरल्या रुंदीला पोचली की स्क्रिप्ट ती मोडी आणि उरलेले शब्द खाली ढकली.

"मी साठ घरं सांगतली होती तिले," प्रसेनजित म्हणाला. "पन संगणक मराठीचं एक अक्षर तीन घरात ठेवते. म्हून तुह्या वाट्याले वीसच अक्षरं आली. बाकीच्याइच्या ओळी आधीच आखूड. त्याइचं काईच बिघडलं नाई."

"अन् वरच्या ओळी? खालच्या?"

"वरतं-खालतं लोकं नाव-गाव लिहितेत. ते उडवाचं मीच सांगतलं होतं. नाव फाइलीवरून येते."

"मी तुले टाइप करायले दिलं होतं, छापायले नाई."

"चुकून गेलं, म्हनलं ना! पयला नंबर आला तुहा, तरी तोंड कडूच."

नागसेनने स्मरणिका मिटली. राग त्याच्या घशापर्यंत येई आणि तिथेच बसून राही. बोलक्या माणसांचा निघून जातो, तसा त्याचा जात नसे. तो बक्षिसासाठी आला नव्हता. मुख्य पाहुणे म्हणून तालुक्याच्या कचेरीतले साहेब येणार, हे कळले तेव्हाच तो निघाला होता. तो मजकूर साहेबांनी एकदा पुरा वाचावा, एवढेच त्याला हवे होते. आणि तेही मृग लागायच्या आत. न मोडलेल्या ओळींचा कागद त्याने घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

मंडपात महामाया, त्याची बायको, पुढच्या रांगेत बसली होती. तिला आठवा महिना होता. येताना वाटेतल्या नाल्यात उतरल्यावर तिने त्याचा हात घट्ट धरला होता. धोंडे कोरडे होते, उतार सोपा होता. तरी धरला होता.

"काय म्हने तो?" तिने विचारले.

"स्क्रिप्टवर ढकलून राह्यला."

"मंग आज बोला तरी. घरी भिताडाशी भांडता, तसं इथं भांडा."

व्यासपीठाच्या पायरीशी शाळेतल्या मुलींनी साहेबांना घेरले होते. साहेब हसतमुखाने एकेकीच्या स्मरणिकेवर हिरव्या शाईने सही करत होते. सही मोठी होती, शेवटी शेपटासारखी वर वळलेली. मंडळाचे अध्यक्ष किसनराव यांनी माइकवर टिचकी मारली.

"प्रथम क्रमांकाची कविता आता खुद्द साहेब वाचतील!"

साहेबांनी चष्मा लावला. त्यांचा आवाज खरोखरच चांगला होता.

मागील पावसात आईला
बाजेवर घालून चौघांनी
नाल्यात उतरवले. पाणी
छातीला लागले. पलीकडे
बाज टेकवली तेव्हा ती
थंड होती. तरी विचार
व्हावा.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"'पाणी' या शब्दावर ओळ थांबते, पाहा. आपलाही श्वास तिथेच थांबतो. हे शिकवून येत नाही. नाला म्हणजे काळ. बाज म्हणजे परंपरा. आणि आई? आई म्हणजे आपली भाषाच! शेवटी कवी आक्रोश करत नाही. फक्त म्हणतो, तरी विचार व्हावा. केवढा हा संयम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नागसेनच्या कानात मात्र पाण्याचा आवाज होता. बाजेचा डावा पुढचा पाय त्याच्या खांद्यावर होता. त्या खांद्याला अजूनही कधीकधी ओल जाणवे.

"या कवीराज!" किसनराव म्हणाले. "असे लाजता काय पोरीवानी?"

तो व्यासपीठावर चढला. साहेबांनी शाल उलगडली. नागसेनने ती हातानेच बाजूला सारली. किसनरावांचे हसू ओठांवर अर्धवट राहिले.

"साहेब, आई माही खरीच होती."

"प्रत्येक कवीची असते, नागसेन." साहेबांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका त्याच.

"हात काढा."

माइक सुरू होता. ते दोन शब्द मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेले.

"माही बायको पुढं बसली हाय. तिले आषाढात बाळंतपनाले पलीकडं न्या लागते. तुम्ही रडले, मी पाह्यलं. आता हे वाचा. ओळी न तोडता, पुरं."

खिशातला कागद त्याने साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी समजूतदारपणे घडी उलगडली. मजकूर तोच होता. फक्त ओळी या काठापासून त्या काठापर्यंत सलग गेल्या होत्या. माथ्यावर लिहिले होते, 'विषय : नाल्यावर पूल बांधून मिळण्याबाबत.' तळाशी होते, 'ही नम्र विनंती.' आणि समासात हिरव्या शाईचा शेरा होता, 'दप्तरी दाखल', त्याखाली मोठी सही, शेवटी शेपटासारखी वर वळलेली.