दोन सीटची गाडी

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली, ती सासूबाई, आत्याबाई आणि दोन नणंदांसकट. पुढेही कुठे निघायचं म्हटलं की नवरा गावभर आवतण द्यायचा, "चला की सगळेच!" आणि ती मांडीवर डबे घेऊन मागे कोंबली जायची.

आज परदेशात, आयुष्यातल्या पहिल्या कॅम्परव्हॅनमध्ये, भाड्याने घेतलेल्या त्या फिरत्या घरात, ती सामान लावत होती, तोच नवऱ्याला मुलाचा फोन आला. स्पीकर चालू होता. "बाबा, तुम्हा दोघांनाच नाही झेपायचं. आम्ही सगळे परवा पोचतोय."

ती बॅगा सरकवून जागा करायला लागली.

"येऊ नका. गाडीत दोनच सीट आहेत," म्हणत नवऱ्याने फोन ठेवला.

"अहो, काउंटरवरची मुलगी सहा सीटची देत होती. तुम्हीच नको म्हणालात!"

"चाळीस वर्षं लागली मला ते 'नको' म्हणायला." त्याने पुढचं दार उघडून धरलं. "ये, पुढे बस."