बेटावरची काहील

सभा सुरू होऊन दोन तास झाले होते आणि पद्मावती मांडीवर पिशवी घेऊन बसून होती. पिशवीत हॉस्पिटलची फाईल, पाण्याची बाटली आणि एक चादर. दीड वाजता मिरजेत तिचं डायलिसिस होतं. पलीकडच्या काठावरून साडेअकराला एसटी सुटायची.

"जाऊ का मी?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"थांब गं जरा," जयपाल म्हणाला. "तू उठलीस तर कोरम मोडतोय."

ती उठली की एकोणपन्नास आणि तिला पलीकडं नेणारी मनुबाई उठली की अठ्ठेचाळीस. ठरावाला पन्नास मतदार समोर बसलेले लागतात, हे तालुक्याहून आलेल्या सरकारी साहेबांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. बेटावर घरं चाळीस, चहूबाजूंनी कृष्णा, आणि पलीकडं जायला एकच साधन. गूळ आटवायची जुनी लोखंडी काहील. गुऱ्हाळ बंद पडलं तशी ती नदीत आली होती. तळाला गंज चढल्यापासून मनुबाई स्वतःला धरून तिघांच्या वर माणूस घेत नसे. साहेबही तीतूनच आले होते, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून.

साहेबांनी आधी एका मनोऱ्याचं रंगीत चित्र दाखवलं. "हा पर्यटनातून मंजूर आहे. वर चढून नदी बघायची. पुलाला तुमची लोकसंख्या कमी पडते. तरी ठराव करून द्या, वर पाठवतो."

"आमी जल्मभर नदीच बघतोय, सायेब," फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार सयाजी म्हणाले. "सरहद्दीवर आमी एका दिसात पूल टाकलाय. त्यावरनं रणगाडं गेल्यात."

"मनोरा घ्या की गड्यांनो," ऋषिराज म्हणाला. त्याला चहाची टपरी टाकायची होती. "लोकं याया लागली की मागनं पूल यीलच."

त्याला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं. मनोरा नको, पूलच हवा, इथवर एकमत झालं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आता झालंच, असं जयपालला वाटलं आणि तिथंच माशी शिंकली. पूल कुठल्या काठाला टेकवायचा?

"पूर्वेला," सयाजी म्हणाले. त्यांचा ऊस पूर्वेच्या कारखान्याला जायचा.

"आन माणसं कुठं जायाची?" जयपाल म्हणाला. "यस्टी पश्चिमेला, दवाखाना पश्चिमेला."

"तुमच्या एका घरासाठी पूल बांधायचा व्हय?"

मग काय, शाळेच्या व्हरांड्यात दोन तट पडले. अकरा वर्षं ज्यांनी पुलाच्या एकाच अर्जावर सह्या केल्या, ते आता एकमेकांच्या आज्यापर्यंत पोचले. सगळ्यात वर आवाज जयपालचा. तो बायकोसाठीच भांडत होता आणि बायको शेजारी बसून घड्याळ बघत होती. कुणाला तिच्याकडं बघायला सवड नव्हती.

पलीकडं हॉर्न वाजला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. उसाच्या तुऱ्यांवरून एसटीचं लाल टप सरकत गेलं आणि वळणावर दिसेनासं झालं.

पद्मावती उठली. "चल मनुबाई."

"आक्का, यस्टी तर गेली."

"पलीकडं काय तरी घावंल. हितं बसून काय घावत न्हाई."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. कोरम नाही, सभा तहकूब. "जाऊ नका, एवढं ऐकून जा," म्हणत त्यांनी दुसरा कागद काढला आणि उभ्या उभ्याच वाचला. काहिलीतून माणसांची ने-आण धोकादायक असल्यामुळे ती आजपासून बंद करण्यात येत आहे. सयाजींनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग जायाचं कशातनं?" जयपालनं विचारलं.

"ते वरिष्ठ कळवतील," साहेब म्हणाले आणि दोघींच्या मागून उतरून काहिलीत जाऊन बसले. तिसरी जागा भरली. जयपाल काठावरच राहिला.

खालच्या बंधाऱ्यामुळं पाणी तुंबलेलं होतं, ओढ अशी नव्हती. बोलणं काठापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

"सायेब, तुमची गाडी मिरजेवरनंच जाती न्हवं?" पद्मावती विचारत होती. "दीडला मशीनवर नंबर हाय माजा."

"जाते हो. पण सरकारी गाडीत बाहेरचं माणूस घेता येत नाही. नियम आहे."

मनुबाईनं आणखी दोन हात मारले. नदीचा बरोबर मध्य आला तसं तिनं वल्हं पाण्यातून काढलं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

"का थांबलात?"

"नेम तर ह्या काहिलीचा बी हाय न्हवं, सायेब. आत्ता तुमीच वाचला." तिनं पदरानं हात पुसले. "आक्का गाडीत बसनार असतील तर पुढं जाऊ. न्हाईतर आपुन तिघंबी हितंच बसू."

काहील गोल. वल्हं थांबलं की ती जागच्या जागी फिरायला लागते. काठावर दोन्ही तटांची माणसं एकाच रांगेत येऊन उभी राहिली. पद्मावती मांडीवर पिशवी घेऊन तशीच बसली होती. साहेबांचं तोंड एकदा पूर्वेला होई, एकदा पश्चिमेला.