माशांचा जिना

बंधाऱ्यानं नदी अडवली, की माशांचीही वर जायची वाट बंद होते. त्यांच्यासाठी बंधाऱ्याला जिना आखून द्यायचं काम इंजिनिअर विश्वजीतच्या गळ्यात पडलं होतं, म्हणून रविवारीही तो हर्सूलच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटात नकाशा पसरून बसला होता. शेजारी त्याची आई भागूबाई गुडघ्यांना तेल चोळत होती. इमारतीची लिफ्ट दिवाळीपासून बंद, तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती. खाली अंगणातल्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींशी तिच्या गप्पा गॅलरीतून ओरडून चालत.

“हे मधीमधी चौकोन कशाचे?”

“विसाव्याची डबकी. चार पायऱ्या चढल्या की मासा दमतो गं.”

“दमतो व्हय. बिचारा. आन् वर कशाला जातो?”

“अंडी घालायला.”

“लई लाड हायेत. जावयाला बी कुणी इतकं जपत नाय.” तेलाच्या बाटलीला बूच लावत तिनं विचारलं, “गुडघे असतेत का रं त्याला?”

विश्वजीतनं पेन्सिल खाली ठेवली.

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर एकेक प्लास्टिकची खुर्ची आली. भागूबाई खाली उतरली, दिवेलागणीपर्यंत बाकावर पोटभर बोलली आणि बसत-उठत परत चढू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत टेकून तिनं वर दारात काळजीनं उभ्या लेकाकडे पाहिलं.

“आले रं, आले. फकस्त वर आल्यावर अंड्यांचं तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाय.”