सरावाची पेशंट

पाण्याची ऊब मनगटाच्या आतल्या बाजूनं पाहायची, बोटं फसवतात. लेकीनं तशी ती पाहिली, टॉवेल पिळला आणि आईच्या मानेवरून फिरवला. पलंगावरच्या आईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"पेशंटशी बोल. काय करणार ते आधी सांगायचं," शेजारच्या सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या.

सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. लेकीला ज्या नर्सिंग कॉलेजात जायचं होतं, तिथं प्रवेशाला रुग्णसेवेचा अनुभव लागत होता, आणि अनुभव नसलेल्या मुलीला कुठलंच रुग्णालय पेशंटजवळ फिरकू देत नव्हतं. हात तयार झाला तर आपल्या जुन्या रुग्णालयात मदतनीस म्हणून शब्द टाकते, असं त्या म्हणाल्या होत्या. सरावाची पेशंट व्हायला आई स्वतःहून तयार झाली, याचंच लेकीला नवल वाटलं होतं. एरवी तापानं फणफणली तरी आई कुणाला केस विंचरू द्यायची नाही.

सुरुवातीला तिनं ब्लाउजचं एक बटणही काढू दिलं नाही. मग मात्र हौस तिलाच चढली. कूस बदलून झाली की लघवीचं भांडं द्यायला लाव, ते झालं की चमच्यानं भरवायला लाव. घास ओठांच्या कडेनं ओघळायचा. केवढं नाटक करतेस, म्हणून लेक हसायची.

"पेशंटला नावं ठेवायची नाहीत," आई बजावायची. "मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार करीन."

मला आई म्हणू नकोस, ओळख नसल्यासारखी वाग, असंही तिनं सांगितलं होतं. लेकीला ते पटलं. खऱ्या पेशंटशी तसंच वागावं लागणार होतं. सराव संपला की आई उठून चहा टाकायची. हल्ली तो लेकच टाकायची.

आज सिस्टरांनी होकार आणला होता. सोमवारी हजर व्हायचं. गाव लांबचं, राहायची सोय तिथंच. लेकीनं आईची कूस बदलली, पाठीशी उशी लावली. सिस्टरांनी चादरीवरून हात फिरवून पाहिला, मान डोलावली. मग आईला म्हणाल्या, "आता बोला तुम्ही." आणि दार ओढून घेऊन गेल्या.

लेकीनं आईला उठायला सांगितलं. आई उठली नाही.

"डावा हात ऐकेनासा झालाय," ती म्हणाली. "पायही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, हे थांबणारं नाही."

लेक बराच वेळ टॉवेल पिळत राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"मग मी जात नाही. आता येतं मला सगळं."

"म्हणून तर सांगत नव्हते." आईनं डोळे उघडले. "तुझा हात तयार व्हायला हवाच होता. पण सराव माझाही चालला होता गं. परक्या बाईनं अंग पुसलेलं मला सोसलं नसतं. तुझ्या हातानं लाज मोडून घेतली. सोमवारी तू तिकडे जा. मी शुश्रूषागृहात राहायला जातेय."